सव्वानऊ इंचांची वीत

६ फेब्रुवारी

तात्या,

नमस्कार आधी, तक्रार नंतर. डाव्या डोळ्याची पट्टी निघाल्या निघाल्या तुम्ही भिंतीवरचं घड्याळ तिरकं टांगलंय असं डॉक्टरांना सांगितलंत, हे वन्संनी तुम्हाला त्यांच्याकडे आणल्यावर फोनवर कळवलं. म्हणजे ऑपरेशन उत्तम झालं, आम्ही निर्धास्त झालो.

आता तक्रार. ओट्यामागची भिंत ओली झालीये. सिंकपासून दारापर्यंत, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेत. सकाळचं पहिलं तांब्याभर पाणी विटकरी रंगाचं येतं. तुमच्या चिरंजिवांनी भिंतीला हात लावून पाहिला, तो पँटला पुसला आणि ‘प्लंबर बोलव’ म्हणून ऑफिसला निघून गेले. मी शिवणयंत्रावर बसून त्यांच्याकडे बघत राहिले. मी घरात असताना शर्टाचं बटण बाहेरून लावून आणावं, तसं वाटलं मला ते. मिस्त्रींच्या घरी बाहेरचा मिस्त्री कसा बोलवायचा?

या घरात छत्तीस वर्षांत एक थेंब गळला नाही हे तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगता. नव्या पोस्टमनलाही सांगून झालंय. म्हणून मला इतर कुणाच्या आधी तुम्हालाच कळवावंसं वाटलं. ‘भिंतीच्या बाहेरचं घर तुमचं, आतलं माझं’ असं तुम्ही म्हणत आलात आणि आम्ही ते पाळलं. तुमच्या शेजारी उभी राहून चौदा वर्षं मी पाने-पकडी आणि पॉलिश पेपर हातात देत आले, पण आत कुठला पाइप कुठून गेलाय हे कधी विचारलं नाही. नकाशा तुमच्या डोक्यात आहे. ओट्याजवळचा जोड नेमका कुठे आहे तेवढं कळवा.

फोनवर विचारलं नाही, कारण नियम तुमचाच: मापं तोंडी घेऊ नयेत, ऐकणारा अर्धं ऐकतो आणि उरलेलं मनानं भरतो.

तुमची,
सूनबाई

११ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आशीर्वाद. लिहिणारी तुझी वन्सं आणि सांगणारा मी. डोळ्यामुळे मला वाकून लिहायला मनाई आहे.

भिंत ओली दिसली म्हणजे माझी लाइन गळली असं लगेच धरून चालू नकोस. गच्चीतून पाणी उतरत असेल, सिंकखालचा सांडपाण्याचा पाइप सरकला असेल. तो लोखंडी पाइप मी आणला तेव्हा एकेक नळी ठोकून, आवाज ऐकून घेतली होती. दुकानदार वैतागून म्हणाला होता, मिस्त्री, पाइप घेताय की देवळातली घंटा? टोकांना स्क्रूसारखे आटे मी स्वतः पाडले. गळू नये म्हणून प्रत्येक जोडाला धागा आणि सफेदा लावला. तेव्हा तुमची ही गुंडाळायची पांढरी टेप कुणी पाहिलीही नव्हती.

तरी माप हवंय तर घे. खिडकीच्या चौकटीच्या उजव्या कडेपासून दाराकडे सात वीत, जमिनीपासून पाच वीत. तिथे एल्बो आहे. वरून उतरलेली लाइन त्या कोपऱ्यावर वळून सिंककडे जाते.

पण उघडू नकोस. गच्चीवर टाकीखाली तीन व्हॉल्व्ह आहेत, त्यातला मधला स्वयंपाकघराचा. तो बंद कर आणि न्हाणीघरातून बादल्या भर. मार्चमध्ये उजवा डोळा होईल, एप्रिलमध्ये मी घरी. मग पुन्हा लोखंडी पाइप आणि पुन्हा माझे आटे. हे माझं शेवटचं काम असेल आणि ते मी माझ्याच हातानं करणार. प्लास्टिकचं नाव कुणी काढू नये, विशेषतः माझ्या मुलानं. प्लास्टिक बादलीला ठीक आहे.

तात्या

(वहिनी, हे माझे शब्द. बाबा जेवता जेवता आमच्या भिंती ठोकून बघतात. कालच शेजारच्या बाई विचारायला आल्या, दुरुस्ती काढलीये का म्हणून. – वन्सं)

१९ फेब्रुवारी

तात्या,

रागवायचं असेल तर पत्र संपल्यावर रागवा.

व्हॉल्व्ह बंद केला, पण तो जुना, पूर्ण बसत नाही, थोडं पाणी उतरतच राहतं. भिंत तरी चार दिवस तशीच होती, मग ओल वर चढली आणि विजेच्या बोर्डाच्या खाली वीतभर येऊन थांबली. ते बघून मला धीर निघेना. छिन्नी-हातोडा घेतला, खिडकीच्या चौकटीपासून सात विती मोजल्या, जमिनीपासून पाच मोजल्या, खडूनं फुली मारली आणि भिंतीवरच्या दोन फरश्या फोडल्या. आत कोरडी ठणठणीत वीट. आणखी बोटभर खोल गेले. वीटच. चिरंजीव बाजूला टॉर्च धरून उभे होते. ते म्हणाले, तात्यांना आता आठवत नसेल गं, वय झालं. मला ते इतकं लागलं, की मी त्यांच्या हातातून टॉर्च काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी एक कटोरी ब्लाउज कापायला घेतला, मापाची टेप गळ्यात टाकली आणि डोक्यात प्रकाश पडला. चोवीस वर्षं टेपनं मोजणारी बाई मी, आणि तुम्ही वीत लिहिलीत म्हणून भिंतीवर स्वतःचा पंजा टेकवत गेले. माझी वीत साडेसात इंचांची. तुमच्या हातात माझे दोन्ही हात मावतील. तुमची आठवण बरोबरच होती. चुकले मी, आणि तसं चिरंजिवांना जेवताना सांगितलं.

तर एक करा. कागदावर पंजा पूर्ण ताणून ठेवा आणि वन्संना पेन्सिलीनं कड काढायला सांगा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तो कागद पाठवा, बाकी मी बघते.

तुमची,
सूनबाई

२५ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

दोन फरश्या. त्या फरश्या तुझ्या सासूनं निवडल्या होत्या, तसला निळा आता मिळायचा नाही. असो. ती असती तर तुला काही बोलली नसती, मला बोलली असती: माणसानं मापं आकड्यात सांगावीत. आमच्या उस्तादांनी टेप वापरू दिली नाही. टेप घरी विसरते, हात घरी विसरत नाही, असं ते म्हणायचे. त्यामुळे मी जिथे जिथे काम केलं तिथली मापं माझ्या पंजात आहेत. आता इतक्या घरांत माझ्या पंजाची मापं आहेत आणि ती घरं माझ्यावाचून उघडता येत नाहीत, हे मला आजवर छान वाटत आलं होतं. तुझ्या पत्रानंतर तितकंसं वाटेना.

कागद सोबत आहे. या हातानं पाइप धरला की तो पान्याशिवाय फिरायचा. एकदा एका बंगल्यात तिघांना न निघालेला जोड मी हातानं सोडवला होता, विचार कुणालाही.

एल्बो सापडला की गळती कुठून आहे तेवढं बघ आणि पुन्हा झाकून ठेव. काम एप्रिलमध्ये.

तात्या

(वहिनी, पंजा काढायला मी पेन्सिल घेतली तर मलाच बाहेर पाठवलं. अर्ध्या तासानं आले तेव्हा चार कागद चुरगळलेले होते आणि हा पाचवा. रेघ वाकडीतिकडी आहे, सांभाळून घ्या. – वन्सं)

५ मार्च

तात्या,

एल्बो सापडला. पहिल्याच घावात, बरोबर फुलीच्या खाली. कसा सापडला ते सोडा, आत काय दिसलं ते ऐका.

तुमचा जोड गळत नव्हता. हे मी मुद्दाम आधी लिहिते. धागा आणि सफेदा जसाच्या तसा, आटे शाबूत. गळत होता जोडापासून चार बोटांवरचा सरळ पाइप. तो आतून गंजत गंजत पापडासारखा झाला होता आणि क्षणभर व्हॉल्व्ह उघडला की सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी बाहेर फवारत होतं. तुकडा कापून काढला आणि आत बघितलं. पाऊण इंची पाइप, पण गंजाचे थर साठून साठून आता त्यातून पेन्सिल जेमतेम जाते. म्हणजे गेली कित्येक वर्षं आपण एका पेन्सिलीएवढ्या वाटेनं पाणी पितोय आणि टाकी उंच नाही म्हणून धार बारीक, असं म्हणतोय.

तात्या, एक तुकडा बदलून भागणार नाही. भिंतीतली सगळी लाइन तशीच असणार.

मी तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात म्हणाले, ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावतो. म्हटलं, साहेबांना टी आणि एल्बो यांतला फरक अजून माहीत नाही, मलाच समजवा. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्टूल दिलं, आणि सगळे पाइप समोर मांडून बोलले. लोखंडी घेतला तर दणकट, पण पुन्हा आतून हीच गत. तांब्याचा उत्तम, पण जोडायला ज्योत लागते, आणि लोखंडाला तो थेट जोडला तर जोडापाशी लोखंड खाल्लं जातं, मध्ये पितळ घालावंच लागतं. पांढरा पीव्हीसी फक्त गार पाण्याला, गीझरचं पाणी गेलं की मऊ पडतो. आणि हा चौथा, सायीच्या रंगाचा, सीपीव्हीसी. गरम-गार दोन्हीला चालतो, आतून गंजत नाही. त्याला आटे पाडायचे नसतात. सरळ कापायचा, कड घासायची, चिकटवायचं सोल्युशन लावायचं, आत घालून पाव फेरा फिरवायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा.

माझं मन या चौथ्यावर बसलंय. काम मी करेन. तुमची परवानगी हवी.

तुमची,
सूनबाई

१२ मार्च

सूनबाई,

परवानगी नाही.

माझं आयुष्य ज्यात गेलं ते भंगारात घालून तिथे डिंकानं चिकटवलेल्या नळ्या बसवायच्या आणि ते मला विचारून करायचं, म्हणजे पुन्हा माझ्याच हातानं. ते चिकटवणं पाच वर्षांत सुटेल. उंदीर कुरतडतील. भिंतीत खिळा ठोकला तर आरपार जाईल. मी असल्या पाइपाची कामं पाहिली आहेत, अर्ध्याहून जास्त मीच नंतर निस्तरली आहेत.

जोड गळत नव्हता असं तू लिहिलंस, ते बरं केलंस. पण ते वाचून मला वाटलं, म्हातारा शांत व्हावा म्हणून लिहिलंयस. नंतर जे मागायचं होतं त्याची तयारी.

एप्रिलपर्यंत थांबायचं ठरलं होतं. तेवढंही होत नसेल तर बाहेरचा मिस्त्री बोलवा आणि मला कळवूही नका.

तात्या

(वहिनी, काल उजवा डोळा झाला, त्यात हे पत्र. दोन दिवस जेवले नीट नाहीत. मनावर घेऊ नका. – वन्सं)

१७ मार्च

तात्या,

मनावर घेतलंय. घेणारच. या घरात आले तेव्हापासून तुमचं एकही बोलणं मी वाऱ्यावर सोडलेलं नाही.

तुम्हाला गोड लागावं म्हणून खोटं लिहायची सवय मला नाही. आठवा, तुम्ही मला पहिल्यांदा ब्लाउज शिवताना बघून विचारलंत, हे सगळं शिकायला किती वेळ लागतो, आणि मी म्हटलं होतं, चांगलं शिकायला तुमच्या कामापेक्षा जास्त. तुम्ही दिवसभर हसत होतात आणि संध्याकाळी माझ्या यंत्राचा पट्टा बदलून दिलात.

सोबतच्या डब्यात दोन वस्तू आहेत. एक, भिंतीतून काढलेला तुमचा पाइप, एल्बोसकट. जोड बघा आणि माझं लिहिणं खोटं असेल तर सांगा. दुसरी, मी केलेला जोड. सीपीव्हीसीचे दोन तुकडे आणि मध्ये एल्बो. हा माझा अकरावा. पहिल्या दहांपैकी दोन सोल्युशन सुकू दिलं म्हणून फसले, एकात पाइप पूर्ण आत गेलाच नव्हता. मग मी प्रत्येक पाइपावर आधी खूण करू लागले, आत किती जायला हवा त्याची. शिवणीत जास्तीच्या कापडाची माया सोडतो तशी. खूण दिसेनाशी झाली की जोड पूर्ण बसला. तेव्हापासून एकही चुकला नाही.

हा अकरावा तुम्हाला वाटेल तसा तपासा. पिळा, आपटा, करवतीनं कापा. सुटला तर मी एप्रिलपर्यंत बादल्या भरेन आणि पुन्हा विषय काढणार नाही.

न सुटला तर मात्र भिंत मला द्या. तुमचं काम मला पुसायचं नाही. तुमच्या शेजारी उभं राहून जे चौदा वर्षं बघितलं ते एकदा स्वतः करून बघायचंय, आणि ते याच भिंतीत करायचंय, दुसऱ्या कुणाच्या नाही.

तुमची,
सूनबाई

२६ मार्च

चि. सूनबाई,

डबा पोचला. आधी माझा तुकडा बघितला. जोड शाबूत आहे. तू खरं लिहिलं होतंस आणि मी तुला खोटं ठरवलं, ते मी मागे घेतो. पाइपाच्या आत बोट घालून बघितलं. ते जे हाताला लागलं, त्याला मी छत्तीस वर्षं माझी लाइन म्हणत होतो.

मग तुझा. जावयांना एका बाजूनं धरायला लावलं, दुसऱ्या बाजूनं मी. पिळला. जावई लाल झाले, जोड हलला नाही. फरशीवर आपटला. शेवटी करवतीनं उभा चिरला आणि खिडकीपाशी नेऊन नव्या डोळ्यानं बघितला. कुठे फट नाही, कुठे सोल्युशनचा थेंब ओघळलेला नाही. पाइप आणि एल्बो कुठे संपतात ते शोधायला मला नखानं चाचपावं लागलं. मी असा जोड केला असता तर आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरलो असतो. म्हणून मी तो सगळ्यांना दाखवत फिरलो.

आता दुसरी गोष्ट. करवत जावयांनी चालवली. मी चालवू शकलो नाही.

तू लिहिलं होतंस, एल्बो कसा सापडला ते सोडा. मी ते सोडलं नव्हतं, फक्त रागात पुढे गेलो होतो. मी पाठवलेल्या कागदावरची वीत जेमतेम आठ इंचांची. त्या मापानं तू पुन्हा कोरड्या विटेवरच गेली असतीस. तरी पहिल्या घावात मिळाला, म्हणजे तू कागद बाजूला ठेवून दुसरंच काहीतरी मोजलंस. मी दोन दिवस विचार केला. न्हाणीघरातले सगळे नळ मी जमिनीपासून तीन वितींवर बसवलेत, हे तू माझ्या तोंडून कितीदा ऐकलंयस. तू नळ मोजलेस, तिनानं भागलंस, आणि तुला सव्वानऊ इंच मिळाले. माझी वीत सव्वानऊ इंचांचीच होती.

म्हणजे तुला तीन आठवडे माहीत होतं. माझा हात आता उघडत नाही. दोन वर्षं झाली. अंगठ्यापासून सुरू झालं. न्हाणीघरात माझ्या हातून पाना निसटला, तेव्हा तू म्हणालीस घाम आला असेल, आणि मी लगेच हो म्हटलं. कामं मी वय झालं म्हणून सोडली नाहीत. हे पत्र डोळ्यांमुळे दुसऱ्याकडून लिहून घेत नाही. एप्रिलमध्ये येऊन आटे कसे पाडणार होतो, ते मलाही माहीत नव्हतं. भिंत उघडून ठेवायची आणि मग कुणीतरी म्हणेल राहू द्या तात्या, एवढाच बेत होता.

तू पाच पानं भरून गंजाबद्दल लिहिलंस, हाताबद्दल एक शब्द नाही. कळलं मला.

भिंत तुझी. सोबत सगळ्या घराची मापं दिलीत, खोलीवार, तेव्हाच्या वितीत. सव्वानऊनं गुणून टेपनं मोज. देवघराच्या मागून एक जास्तीची लाइन गेलीये, तिला आता नळ नाही, पण पाणी आहे. ती कुणालाच माहीत नाही. ती टोकाला बंद कर. आणि तीन गोष्टी. प्लास्टिकचे आटे लोखंडी आट्यांवर चढवू नकोस, तडकतात. आत पितळी आटे असलेला अडॅप्टर मागून घे. गीझरच्या तोंडाशी फूटभर धातूचाच पाइप ठेव. आणि उन्हात हा पाइप ठिसूळ होतो असं मी ऐकलंय, गच्चीवर वापरू नकोस.

तात्या

(वहिनी, मापं मी त्यांना दोनदा वाचून दाखवलीत, मगच पाकिटात घातली. – वन्सं)

९ एप्रिल

तात्या,

झालं.

आठ दिवस घर म्हणजे धुळीचं पोतं होतं. चिरंजीव रजा घेऊन मदतीला थांबले आणि तिसऱ्या दिवशी मला विचारलं, टी म्हणजे ती तीन तोंडांची ना? मी शेजाऱ्यांना बोलावून सांगणार होते.

तुमच्या मापांप्रमाणे एकूण सतरा ठिकाणी भिंत उघडली. सतराही ठिकाणी पाइप टेपच्या खुणेखाली होता, एकीकडे फक्त अर्ध्या इंचाचा फरक. देवघरामागची लाइन सापडली, टोकाला बंद केली. मोठी लाइन पाऊण इंची ठेवली, नळांकडे अर्धा इंची. पाइप दोन भिंतींमध्ये अगदी घट्ट बसवला नाही, गरम पाण्यानं तो थोडा वाढतो असं दुकानातल्या गृहस्थांनी सांगितलं होतं, तेवढी जागा सोडली. गीझरपाशी फूटभर पितळी तुकडा घातला.

जोड एकूण एक्केचाळीस. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं आणि सगळे नळ बंद करून मी पावडर लावलेला कोरडा कापसाचा बोळा प्रत्येक जोडावर फिरवला. तेहतिसावा ओला झाला. सिंकखालचा, सगळ्यात सोपा. तिथे घाईत खूण केली नव्हती. कापून काढला, नवा केला, पुन्हा एक दिवस थांबले. मग कोरडा. तुम्ही असतात तर त्या एकावरून महिनाभर चिडवलं असतंत, म्हणून आधीच सांगून टाकते.

गच्चीवरचा लोखंडी तुकडा मी काढला नाही. तो तुम्ही सहा वर्षांपूर्वी बदलला होतात आणि तो आतून स्वच्छ निघाला. त्यामुळे टाकीतलं पाणी आधी तुमच्या पाइपातून उतरतं आणि मग माझ्या. जिथे ते भेटतात तो एक जोड मी केलेला नाही. पितळी आट्यांचा अडॅप्टर तिथे आणून ठेवलाय, तोवर तात्पुरती रबरी नळी लावलीये. त्याला जोर लागत नाही, हातानं घट्ट आणि वर पान्यानं एक फेरा. तो तुमच्यासाठी ठेवलाय. या महिन्यात येताय ना?

न्हाणीघराची बादली पूर्वी सव्वाचार मिनिटांत भरायची. काल मी घड्याळ लावून बसले. दीड मिनिट. मी नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. माझ्या वयाच्या बाईनं करायची गोष्ट नव्हे. पण कुणी बघत नव्हतं आणि ते पाणी माझं होतं.

तुमची,
सूनबाई

१५ एप्रिल

चि. सूनबाई,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षराला हसलीस तरी चालेल. तीन दिवस लागलेत, रोज थोडं थोडं.

तो जोड ठेवू नकोस. घराच्या पाण्याच्या वाटेवर रबरी नळी लावून कुणाची वाट बघत बसणं हे चांगल्या मिस्त्रीचं लक्षण नाही, आणि मी तुला तसं शिकवलेलं नाही. आजच बसव. टेप आट्यांच्या दिशेनं गुंडाळ, पाच वेढे. हातानं घट्ट, वर एक फेरा, त्याहून जास्त नको. हे तुला माहीत आहे, तरी लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

तेहतिसाव्यावरून मी चिडवणार नाही. तू तो स्वतः शोधलास आणि स्वतः कापलास. बाकी चाळीस मी तुझ्या शब्दावर धरतो.

मी मात्र इतक्यात येत नाही, तूच ये. परवा इथल्या न्हाणीघराच्या भिंतीला ओल दिसली. जावयांनी मला न विचारता मिस्त्री बोलावला. चांगला तरणाताठा माणूस, हातात महागडी अवजारं. मी त्याला दारातच सांगितलं, तुम्ही या आता, आमच्या घरचे मिस्त्री येतायत. त्यानं विचारलं, कोण? म्हटलं, माझी सून. तो हसला. म्हणाला, किती वर्षांचा अनुभव? मी म्हटलं, एका घराचा. पण ते घर मी बांधलेल्या लाइनीचं होतं.

तो गेला. तुझी वन्सं आतून ऐकत होती, ती बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. संध्याकाळी तिनं खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांना सांगितलं, रविवारी वहिनी भिंत उघडायला येणार आहेत, बघायचं असेल तर या.

तेव्हा रविवारी ये. चिरंजिवांना आण, पिशवी उचलायला कुणीतरी लागेल. इथली लाइन माझी नाही, मापं मला माहीत नाहीत, ओल दिसल्यापासून ती भिंत मी ठोकूनही बघितलेली नाही. गार पाण्याची आहे की गरम, जुना पाइप कशाचा आहे, नवा कुठला घालायचा, ते तू बघ आणि तू ठरव. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसेन. विचारलंस तर सांगेन.

तात्या